रिअॅक्शन व्हिडिओ कसा करावा: क्लिप निवडण्यापासून क्लेम सुटेपर्यंत

बहुतेक रिअॅक्शन व्हिडिओ (म्हणजे दुसऱ्याची क्लिप दाखवून तिच्यावर प्रतिक्रिया देणारे) बिघडतात ते क्रम चुकल्यामुळे. क्लिप व्हायरल झाली की कॅमेरा चालू, क्लिप सलग लावायची, मधेमधे "अरे बापरे", "काय चाललंय हे", आणि शेवटी "तुम्हाला काय वाटतं ते कमेंटमध्ये सांगा". मग यूट्यूबवर कॉपीराइट क्लेम (क्लिपच्या मालकाचा हक्काचा दावा) येतो, किंवा मॉनेटायझेशनचा, म्हणजे व्हिडिओतून कमाई सुरू करण्याचा, अर्ज 'रियूज्ड कंटेंट' (दुसऱ्याचंच साहित्य पुन्हा वापरलं) या शेऱ्यासह परत येतो, किंवा चार दिवसांनी कुणीतरी दाखवून देतं की ती क्लिप जुनी होती आणि भलत्याच गावची होती. त्यानंतर जो तो एकच विचारतो: किती सेकंद क्लिप वापरली तर चालते?

सेकंद मोजून हे सुटत नाही. क्लिपमधल्या नेमक्या कोणत्या क्षणाबद्दल तुम्हाला काय म्हणायचंय, हे रेकॉर्डिंगच्या आधी ठरलेलं असलं पाहिजे. पुढचे टप्पे त्याच क्रमाने आहेत. पहिले चार टप्पे घाईघाईत उरकले, तर नंतर कितीही चांगलं एडिटिंग केलं तरी व्हिडिओ सावरत नाही.

उदाहरण म्हणून सगळीकडे एकच क्लिप घेतो: नागपूरच्या डॉली चायवाल्याने बिल गेट्स यांना चहा करून दिला ती, फेब्रुवारी २०२४ मधली. ती जवळपास सगळ्यांनी पाहिलेली आहे, आणि तिच्यावर प्रतिक्रिया देताना झालेल्या चुकाही नमुनेदार आहेत.

## टप्पा १: क्लिप निवडा, आणि काही क्लिप सरळ सोडून द्या

क्लिप डोळ्यांसमोर आली की कागदावर एक वाक्य लिहा: "या क्लिपबद्दल मला असं वाटतं, कारण…" 'कारण'च्या पुढे काही सुचत नसेल तर ती क्लिप तुमच्यासाठी नाही. "भारी आहे" किंवा "फालतू आहे" एवढ्यावर आठ मिनिटं निघत नाहीत. क्लिप पुन्हा पुन्हा दाखवून ती भरावी लागतात, आणि तिथूनच क्लेमची सुरुवात होते.

आता सोडून द्यायच्या क्लिप. अपघात, रडणारी किंवा मार खाणारी लहान मुलं, दारूच्या नशेतला माणूस, घरातलं भांडण, लीक झालेले खासगी व्हिडिओ. यांच्यावर "मी तर निषेधच करतोय" असं म्हणून केलेला व्हिडिओसुद्धा त्या माणसाची बेअब्रू आणखी चार घरांत पोहोचवतो. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडित मुलाची किंवा मुलीची ओळख उघड करणं हा पोक्सो कायद्याच्या कलम २३ खाली गुन्हा आहे. प्रौढ पीडितेच्या बाबतीत भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ लागू होतं. मूळ क्लिप लाखो लोकांनी आधीच पाहिली आहे, हा बचाव होऊ शकत नाही.

मराठीत आणखी एक प्रकार फार चालतो आणि तो बंद व्हावा असं मला मनापासून वाटतं: खेड्यातल्या माणसाच्या 'आनि', 'पानी'वर हसणं. बातमीच्या बाईटमध्ये (कॅमेऱ्यासमोरच्या छोट्या प्रतिक्रियेत) तो पीकविम्याचे पैसे मिळाले नाहीत हे सांगत असतो आणि रिअॅक्शन देणारा त्याचा 'न' पकडून बसतो. तुमच्या 'कारण'च्या पुढे असं काही येत असेल तर क्लिप खाली ठेवा.

तपासा: क्लिपमधला माणूस स्वतःहून लोकांसमोर आलेला आहे का? कलाकार, पुढारी, जाहिरात करणारी कंपनी, नियमित रील करणारी व्यक्ती यांच्या कामावर बोलायला हरकत नाही. रस्त्यात कुणीतरी नकळत चित्रित केलेल्या माणसावर बोलायचं असेल तर चेहरा धूसर करा, किंवा क्लिप न दाखवता फक्त विषयावर बोला.

## टप्पा २: पहिली प्रतिक्रिया वेगळी रेकॉर्ड करून ठेवा

ट्रेलर, गाणं, नवा भाग अशा गोष्टी कधी येणार हे आधीच माहीत असतं. त्यांच्यासाठी पहिल्यांदा पाहतानाचं रेकॉर्डिंग करा, तेही साध्या मोबाइलवर. एकदाही न थांबवता पूर्ण पाहा. बोलायची सक्ती करून घेऊ नका. हे रेकॉर्डिंग म्हणजे कच्चा माल आहे. अंतिम व्हिडिओत त्यातला वीस ते चाळीस सेकंदांचा भाग येईल, बाकी काही येणार नाही.

व्हायरल क्लिप तुम्ही आधीच पाहिलेली असेल तर हा टप्पा सोडा आणि व्हिडिओत तसं सांगा: "मी ही काल पाहिली, आज तिच्यावर बोलतोय." प्रेक्षकांना ते चालतं.

थांबा: दुसऱ्यांदा पाहताना पहिल्यांदाच पाहत असल्याचं नाटक करू नका. पंच येण्याच्या अर्धा सेकंद आधी डोळे मोठे होतात, आणि ते लोकांच्या लगेच लक्षात येतं. एकदा विश्वास गेला की तुमचं खरं मतही कुणी मनावर घेत नाही.

## टप्पा ३: क्लिपचा उगम शोधा

हा टप्पा सर्वात जास्त वेळा गाळला जातो. व्हॉट्सअॅपवर आलेली क्लिप कापलेली असते, तिच्यावर कुणीतरी मजकूर चिकटवलेला असतो आणि मूळ आवाज काढून दुसरं गाणं टाकलेलं असतं. त्या क्लिपवर प्रतिक्रिया देणं म्हणजे ती कापणाऱ्याने मांडलेल्या कथेवर प्रतिक्रिया देणं.

शोधायचं कसं ते क्रमाने:

1. क्लिपमधले तीन-चार स्पष्ट क्षण थांबवून स्क्रीनशॉट घ्या. दुकानाची पाटी, बसचा रंग, गाडीच्या नंबरची सुरुवातीची अक्षरं, मागचा डोंगर, असं काही दिसेल ते क्षण निवडा.
2. ते गूगल लेन्समध्ये टाका. सर्वात जुनी तारीख असलेला निकाल शोधा, सर्वात लोकप्रिय निकाल घेऊ नका.
3. मूळ अपलोड करणाऱ्याच्या खात्यावर जा आणि पूर्ण लांबीची क्लिप तिथे पाहा. कापलेल्या भागाच्या आधी आणि नंतर काय घडलं, यावरून कित्येकदा अर्थच उलटा होतो.
4. कॅप्शन शब्दशः उतरवून घ्या, तारखेसह.
5. त्या व्यक्तीने नंतर काही खुलासा केला आहे का ते पाहा.

डॉलीच्या क्लिपवर अनेकांनी "बिल गेट्स नागपुरात टपरीवर आले" असं धरून बोलायला सुरुवात केली. तो व्हिडिओ हैदराबादमध्ये चित्रित झाला होता आणि त्यासाठी डॉलीला तिथे बोलावलं होतं. समोर कोण आहे हे आपल्याला ठाऊक नव्हतं, कुणी परदेशी पाहुणा असेल असं वाटलं, असं त्याने नंतर मुलाखतीत सांगितलं. या दोन गोष्टी कळल्या की प्रतिक्रियेचा सूरच बदलतो. "अब्जाधीश टपरीवर उभा राहिला, किती साधा माणूस" हे वाक्य आता म्हणता येत नाही. त्याऐवजी विचारण्यासारखा प्रश्न असा: नियोजन करून चित्रित केलेला व्हिडिओ आपल्याला योगायोगाने झालेली भेट का वाटला?

पावसाळ्यात पुराच्या क्लिपबाबत दुप्पट सावध राहा. जुन्या पुराचे व्हिडिओ दरवर्षी नव्या गावाच्या नावाने फिरतात. एआयने बनवलेले प्राण्यांचे व्हिडिओही आता त्यात मिसळलेत. बिबट्याच्या क्लिपवर घाईने बोलणाऱ्याचा व्हिडिओ त्या भागात उगाच घबराट पसरवू शकतो.

तपासा: कुठे, कधी, कुणी चित्रित केलं, मूळ लांबी किती. चारपैकी दोन गोष्टींची उत्तरं नसतील तर थांबा. एक दिवस उशीर झाला तर काही बिघडत नाही.

## टप्पा ४: थांब्यांचा कागद तयार करा

माझ्याकडे एडिटिंगला येणाऱ्यांना मी आधी हा कागद मागतो. कागद नसेल तर फुटेज उघडतच नाही, कारण पुढे सगळा वेळ बोलणं नेमकं कुठे सुरू होतं ते शोधण्यातच जातो.

कागदाचे तीन रकाने करा. पहिल्यात क्लिप कुठे थांबवायची, दुसऱ्यात तिथे काय दिसतं किंवा ऐकू येतं, तिसऱ्यात त्यावर तुमचा मुद्दा एका वाक्यात. डॉलीच्या क्लिपसाठी तो साधारण असा होईल:

- पहिला थांबा: गेट्स "वन चाय, प्लीज" म्हणतात. मुद्दा: कॅमेरा आधीपासून दोघांच्या मधोमध, योग्य उंचीवर आहे. हे अचानक टिपलेलं दृश्य नाही. इथे हैदराबादची माहिती द्यायची.
- दुसरा थांबा: डॉली चहा करताना लोकांनी नक्कल करावी अशी हातांची लकब दाखवतो. मुद्दा: लोक याला नौटंकी म्हणतात, पण गिऱ्हाईक टपरीसमोर थांबतं ते यामुळेच. इथे तुमचं मत ठामपणे यायला हवं, होकार असो वा नकार.
- तिसरा थांबा: गेट्स यांचं कॅप्शन, भारतात जिकडे वळाल तिकडे, अगदी साध्या चहाच्या कपातही नवकल्पना सापडते, अशा अर्थाचं. मुद्दा: ही नवकल्पना की सादरीकरण? फरक का महत्त्वाचा आहे ते सांगायचं.

पाच मिनिटांच्या व्हिडिओला असे तीन-चार थांबे पुष्कळ झाले. थांब्यांचा क्रम क्लिपच्या क्रमानेच असला पाहिजे असं नाही. सर्वात जोरकस मुद्दा पहिल्या मिनिटात आणला तरी चालतं, फक्त प्रेक्षकाला आधी तो क्षण दाखवा आणि मग बोला. उलट केलं की आपण कशाबद्दल ऐकतोय हे त्याला कळत नाही.

तिसऱ्या रकान्यात "हाहाहा" किंवा "इथे हसायचं" असं लिहिलं गेलं तर तो थांबा खोडून टाका. हसू यायचं तर ते आपोआप येईल.

समोरच्या बाजूचा सर्वात चांगला युक्तिवादही कागदावर हवा. "डॉलीपेक्षा चांगला चहा करणारे हजारो आहेत, त्यांना कोण विचारतं?" हा आक्षेप खरा आहे आणि त्याला उत्तर द्यायला लागतं. ते न देता केलेला व्हिडिओ फक्त आधीच सहमत असलेल्यांना आवडतो.

## टप्पा ५: हक्कांचा हिशोब

आधी काही गैरसमज. "दहा सेकंदांपर्यंत चालतं", "तीस सेकंदांपर्यंत चालतं" असा कोणताही नियम कायद्यात नाही. क्लिप आरशासारखी उलटी करणं, पिच बदलणं, भोवती रंगीत चौकट लावणं यामुळे हक्क मिळत नाही. उलट लपवाछपवी दिसते. वर्णनात 'फेअर यूज'चा (रास्त वापराचा) परिच्छेद चिकटवल्यानेही काही होत नाही.

भारतात आधार आहे तो कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ चा. टीका किंवा समीक्षेसाठी आणि चालू घडामोडींच्या वार्तांकनासाठी केलेला रास्त वापर त्यात उल्लंघनातून वगळला आहे. म्हणून तुमच्या व्हिडिओत टीका किंवा समीक्षा खरोखर असावी लागते आणि ती त्या कामाबद्दल असावी लागते. एखादं गाणं पार्श्वभूमीला लावून राजकारणावर बोललात तर ती त्या गाण्याची समीक्षा होत नाही.

रिअॅक्शन व्हिडिओबद्दल सर्वात उपयोगी न्यायालयीन निकाल अमेरिकेतला आहे. ईथन आणि हिला क्लाइन या यूट्यूबर जोडप्यावर मॅट होसेनजादेह यांनी केलेल्या दाव्यात न्यूयॉर्कच्या संघीय जिल्हा न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये क्लाइन यांच्या बाजूने निकाल दिला. त्यांनी मूळ पाच मिनिटं चोवीस सेकंदांच्या व्हिडिओतले तब्बल तीन मिनिटं पंधरा सेकंद वापरले होते, पण सुमारे चौदा मिनिटांच्या व्हिडिओत, पुन्हा पुन्हा थांबवून, त्याच व्हिडिओवर टीका करत. त्याच निकालात न्यायालयाने हेही बजावलं की काही रिअॅक्शन व्हिडिओ म्हणजे भाष्याविना एकत्र बसून पाहणं असतं, आणि असे सगळेच व्हिडिओ रास्त वापर ठरत नाहीत. हा निकाल भारतीय न्यायालयांवर बंधनकारक नाही. पण सेकंद मोजण्यापेक्षा काय मोजावं ते त्यातून नीट कळतं.

उलट बाजूही बघा. मे २०२५ मध्ये मोहक मंगल या यूट्यूबरने एएनआय या वृत्तसंस्थेकडून आलेल्या स्ट्राइकबद्दल (हक्कधारकाच्या तक्रारीवरून चॅनेलवर लागणारा ठपका) जाहीर व्हिडिओ केला. वापरलेल्या क्लिप काही सेकंदांच्याच होत्या, असं त्याचं म्हणणं होतं. त्या व्हिडिओतल्या आरोपांवरून एएनआयने दिल्ली उच्च न्यायालयात मानहानीचा दावा केला. वृत्तवाहिन्या, वृत्तसंस्था, क्रिकेटचे सामने आणि मोठ्या म्युझिक कंपन्यांची गाणी यांच्या क्लिप घेताना हे लक्षात असू द्या.

माझा कामचलाऊ नियम: सलग दहा-बारा सेकंदांपेक्षा जास्त क्लिप नाही, आणि एकूण व्हिडिओत माझं बोलणं क्लिपच्या निदान तिप्पट. कायदा हे आकडे सांगत नाही, पण हे पाळलं की मुद्दा आपोआप पुढे येतो. गाण्याबाबत त्याहून कमी, कारण यूट्यूबची यंत्रणा सूर लगेच ओळखते.

शॉर्ट्स करणार असाल तर यूट्यूबचं स्वतःचं 'रिमिक्स' वापरा. मूळ निर्मात्याने मुभा बंद केली नसेल तर कोलॅब (क्लिप शेजारी) किंवा ग्रीन स्क्रीनने (क्लिप मागे) ती घेता येते आणि मूळ व्हिडिओची लिंक आपोआप लागते. डाउनलोड करून पुन्हा चढवण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

थांबा: क्लिपमधल्या माणसाला 'चोर', 'फ्रॉड', 'विकला गेलाय' म्हणण्याआधी हातात काय पुरावा आहे ते पाहा. मानहानी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली फौजदारी गुन्हा आहे. "या व्हिडिओत किंमत एक सांगितली आहे आणि वेबसाइटवर दुसरी दिसते" हे वाक्य शिवीपेक्षा जास्त परिणाम करतं आणि ते सिद्धही करता येतं.

## टप्पा ६: रेकॉर्डिंग

कॉम्प्युटर असेल तर ओबीएस स्टुडिओ हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर पुरेसं आहे आणि ते फुकट आहे. त्यात एकच गोष्ट न चुकता करा: माइक आणि क्लिपचा आवाज वेगवेगळ्या ऑडिओ ट्रॅकवर ठेवा. दोन्ही एकाच ट्रॅकवर गेले की क्लिपचा आवाज कमी करताना तुमचाही कमी होतो. गाण्यावर क्लेम आला तर तेवढं गाणं काढून टाकणंही अवघड होऊन बसतं. रेकॉर्डिंगच्या फाइलचा प्रकार एमकेव्ही ठेवा, म्हणजे मधेच लाइट गेली तरी तोवरची फाइल वाचते. नंतर ओबीएसमध्येच ती एमपी-फोर करता येते.

हेडफोन लावा, आणि वायरचाच लावा. स्पीकरवर क्लिप वाजवली तर ती माइकमध्ये शिरते आणि ट्रॅक वेगळे करण्याचा उपयोग संपतो. ब्लूटूथमध्ये आवाज किंचित उशिरा येतो, त्यामुळे विनोद होऊन गेल्यावर तुम्ही हसताना दिसता.

फक्त मोबाइल असेल तर क्लिप दुसऱ्या फोनवर पाहा, कॉलर माइक लावून स्वतःला रेकॉर्ड करा आणि क्लिप एडिटमध्ये जोडा. सुरुवातीला एक जोरदार टाळी वाजवा. जुळवणीसाठी ती खूण लागते.

पंखा बंद. खिडकी बंद. कुकरची वेळ टाळा.

बोलताना थांब्यांचा कागद समोर ठेवा, पण वाचू नका. प्रत्येक थांब्यावर क्लिप खरोखर थांबवा. क्लिप चालू असताना बोललात तर प्रेक्षकाला दोन्ही धड ऐकू येत नाही. आणि बोली तुमचीच असू द्या. वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी बोलणारा माणूस कॅमेऱ्यासमोर आला की हिंदी यूट्यूबरांची भाषा बोलायला लागतो, आणि त्याच्या बोलण्यातली धार तिथेच जाते.

तपासा: पहिल्या मिनिटानंतर थांबून रेकॉर्डिंग ऐका. दोन्ही ट्रॅकवर आवाज आहे ना? पूर्ण झाल्यावर ऐकलं तर उशीर झालेला असतो.

## टप्पा ७: एडिट

पहिल्या फेरीत फक्त बोलणं कापा, क्लिप जोडूच नका. नुसतं बोलणं ऐकून मुद्दा कळत असेल तर व्हिडिओ उभा राहील. मग क्लिपचे तुकडे आणा आणि शेवटी पहिल्या प्रतिक्रियेतले ते वीस-चाळीस सेकंद.

तुमचा आवाज साधारण उणे बारा ते उणे सहा डेसिबलच्या पट्ट्यात ठेवा आणि क्लिपचा त्याहून थोडा खाली. क्लिप दिसत असताना मूळ निर्मात्याचं नाव पडद्यावर द्या. श्रेय दिलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही, पण श्रेय न देणं वाईटच. दोन प्रतिक्रियांच्या मधे दुसऱ्याच सिनेमातले मीम घुसवायची सवय सोडा. प्रत्येक मीम हा आणखी एका क्लेमला दिलेला पत्ता असतो.

शीर्षक आणि थंबनेलला फार वेळ घालवू नका. व्हिडिओत जे नाही ते थंबनेलवर नको, आणि कुणाच्या रडक्या चेहऱ्यावर लाल बाण नको.

## टप्पा ८: अनलिस्टेड अपलोड, मग क्लेमशी गाठ

व्हिडिओ आधी अनलिस्टेड (फक्त लिंक असलेल्यालाच दिसेल असा) म्हणून चढवा आणि 'चेक्स', म्हणजे यूट्यूबची कॉपीराइट तपासणी, पूर्ण होऊ द्या. काही सापडलं तर तिथेच तो भाग कापता येतो किंवा गाणं बंद करता येतं. प्रसिद्ध केल्यावर हेच काम डोकेदुखी होतं.

क्लेम आणि स्ट्राइक या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लोक दोन्हीला सारखेच घाबरतात. कंटेंट आयडीचा (क्लिप आपोआप ओळखणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेचा) क्लेम आला तर बहुतेक वेळा त्या व्हिडिओची कमाई हक्कधारकाकडे जाते किंवा व्हिडिओ काही ठिकाणी अडवला जातो, पण चॅनेलला धोका नसतो. आक्षेप घेतला तर हक्कधारकाला उत्तरासाठी तीस दिवस असतात. क्लेम आल्यापासून पाच दिवसांच्या आत आक्षेप घेतला तर त्या काळातली कमाई वेगळी राखून ठेवली जाते. आक्षेपात "मी छोटा क्रिएटर आहे" असं लिहू नका. कोणत्या मिनिटाला कोणती क्लिप आहे आणि तिच्यावर तुम्ही काय भाष्य केलंय ते लिहा. थांब्यांचा कागद इथे जसाच्या तसा कामी येतो.

स्ट्राइक गंभीर असतो. नव्वद दिवसांत तीन झाले तर चॅनेल बंद होऊ शकतं. व्हिडिओ डिलीट केल्याने स्ट्राइक जात नाही. स्ट्राइक चुकीचा आहे असं सांगणारा प्रतिदावा करता येतो, आणि मग समोरच्याला न्यायालयात गेल्याचं दाखवायला कामकाजाचे दहा दिवस मिळतात. पण प्रतिदाव्यात दिलेलं तुमचं नाव आणि पत्ता समोरच्याकडे जातो. मोठ्या कंपनीशी गाठ असेल तर फॉर्म भरण्याआधी वकिलाशी बोला.

रियूज्ड कंटेंट हा तिसराच विषय. मूळ निर्मात्याने लेखी परवानगी दिली असली तरी यूट्यूब मॉनेटायझेशन नाकारू शकतं, कारण तिथे चॅनेलमध्ये तुमची स्वतःची भर किती आहे हे पाहिलं जातं. मूळ व्हिडिओवर भाष्य करणारी रिअॅक्शन चालते, असं यूट्यूबच्या धोरणातच म्हटलंय. अर्ज नाकारला गेला असेल तर नुसत्या हावभावांचे जुने व्हिडिओ आधी काढा आणि मग पुन्हा अर्ज करा.

## टप्पा ९: प्रसिद्ध झाल्यावरचे दोन दिवस

मूळ क्लिपची लिंक वर्णनात पहिल्या ओळीत द्या. त्यासोबत "तिथे जाऊन कुणाला त्रास देऊ नका" हे व्हिडिओत तोंडाने सांगा. कमेंटमध्ये कुणी त्या व्यक्तीचा फोन नंबर किंवा पत्ता टाकला तर लगेच काढा. कमेंट पाहायला वेळ नसेल तर त्या दोन दिवसांत व्हिडिओ प्रसिद्धच करू नका.

चूक निघाली तर यूट्यूबवर त्याच लिंकवर नवी फाइल टाकता येत नाही. चुकीचा भाग यूट्यूबच्या एडिटरमध्ये कापा, वर्णनात दुरुस्ती लिहा आणि तीच कमेंट म्हणून वर पिन करा. काय म्हटलं होतं आणि खरं काय आहे, दोन्ही लिहा. चूक मुख्य मुद्द्यातच असेल, म्हणजे क्लिपच खोटी निघाली तर, व्हिडिओ खासगी करा आणि काय झालं ते सांगणारा छोटा व्हिडिओ त्याच चॅनेलवर टाका. कम्युनिटी पोस्ट पुरत नाही, कारण ज्यांनी व्हिडिओ पाहिला ते पोस्ट पाहतीलच असं नाही.